उन्हाचाही हिशेब मांडा



वीरच्या गेल्या बैठकीत एका ठरावावरून चांगलीच जुंपली. ठराव साधा होता. होळीपासून मृगापर्यंत दुपारी साडेअकरा ते चार या वेळात आपल्या शेतावर कोणी कोणाला राबवू नये, आणि संघटनेची सभाही त्या वेळात घेऊ नये. मांडणारे तरुण होते. एक जाणते कार्यकर्ते उठले आणि म्हणाले, "आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत. उन्हाला भ्यायचे तर शेती करायची कशाला? आता तर शहरातले डॉक्टरसुद्धा ऊन घ्या म्हणून सांगतात!" हशा पिकला आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला. ती बैठक आता तोंडावर आली आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

बोलणाऱ्या भाऊंनी संघटनेसाठी लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांचा मान ठेवूनच सांगतो, त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या खऱ्याने माणसे मरतात.

शेतकी कॉलेजात आमच्याकडून पुष्कळ गोष्टी पाठ करून घेतल्या. दाणा भरताना भाताला किती ऊन लागते, आभाळ राहिले तर पळींज किती वाढते, आंब्याच्या मोहराला ढग कसे बाधतात. कलमाच्या कोवळ्या रोपाला चटका बसू नये म्हणून निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी कशी ताणायची, हेही शिकवले. त्या जाळीतल्या रोपांच्या पिशव्यांसाठी माती चाळणारी बाई मात्र जाळीच्या बाहेर, भर उन्हात बसलेली असायची. तिच्या अंगाला किती ऊन सोसते हा प्रश्न कुठल्या परीक्षेत आला नाही. आज तोच प्रश्न आपण आपल्याला विचारायचा आहे.

ऊन आपले वैरी नाही

आधी भाऊंच्या म्हणण्यातले खरे पदरात घेऊ. उन्हावाचून माणूस निरोगी राहत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग कातडीवर पडला की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होऊ लागते. हे जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेल्या अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. पोरांची हाडे मऊ पडतात, पाय धनुकलीसारखे वाकतात. आपल्या आज्या त्याला मुडदूस म्हणायच्या. युरोपातल्या धुराने काळवंडलेल्या कारखान्यांच्या शहरांत या मुडदुसाने पिढ्या वाकवल्या. १९१९ साली जर्मनीत हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने दिव्याच्या अतिनील प्रकाशात मुले ठेवून मुडदूस बरा करून दाखवला. त्याआधी १९०३ साली डेन्मार्कच्या फिन्सेनला प्रकाशाने कातडीचा क्षय बरा करण्यासाठी नोबेल मिळाले होते. आपल्याकडे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो त्याच काळात.

तेव्हा ऊन टाळा, अंगाला मलम फासा, असा उपदेश करायला मी उभा नाही. त्या मलमाच्या जाहिराती गोऱ्या कातडीच्या देशांतून आल्या. तिथे कातडीचा कर्करोग हे मोठे दुखणे आहे. आपल्या सावळ्या कातडीतला रंग हे निसर्गाने दिलेले छत्र आहे आणि आपल्याकडे तो रोग त्यामानाने फार कमी.

पण या छत्राची दुसरी बाजूही आहे. सावळ्या कातडीला तेवढेच जीवनसत्त्व करायला ऊन जास्त वेळ लागते. त्यातही कोवळ्या उन्हात ते फारसे होत नाही, कारण सकाळी सूर्य खाली असतो आणि कामाचे किरण हवेतच गाळले जातात. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की कातडीचा कारखाना सुरू झाला समजा. आठवड्यातून काही दिवस हातपाय उघडे ठेवून अर्धा ते एक तास असे ऊन मिळाले, तर आपल्यासारख्यांचे बहुतेक भागते.

उन्हाची खरी टंचाई कोणाला आहे? शहरातल्या खुराड्यांत राहणाऱ्यांना, पंख्याखाली दिवस काढणाऱ्या कचेरीतल्या माणसांना, घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यांना, आणि पावसाचे चार महिने घरात राहणाऱ्या तान्ह्या पोरांना. ऊन घ्या हा डॉक्टरांचा सल्ला त्यांच्यासाठी आहे. इंडियातल्या माणसाला दिलेली चिठ्ठी भारतातल्या माणसाच्या कपाळावर चिकटवू नका.

उन्हात राबणाऱ्याच्या हाडांना कमी पडते ते बऱ्याचदा ऊन नसते, ताटातला चुना असतो. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. पोलादपूरच्या वरकस उतारांवर पिकणारी नाचणी ताटातून गेली, दूध डेअरीत गेले, आणि दिवसभर ऊन खाणारी बाई चाळिशीत गुडघे धरून बसली. तिला आठवड्याला ६० हजार युनिटची पुडी लिहून देतात. पुडीला माझा विरोध नाही, पण नाचणीची भाकरी त्या कागदावर कोणी लिहीत नाही.

नफा तासाभरात संपतो

आता भाऊंच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग. तासभर उन्हाने फायदा होतो, मग आठ तासांनी आठपट होत असेल? नाही होत. कातडीत जीवनसत्त्वाचा कच्चा माल एका मर्यादेपर्यंतच तयार होतो. त्यापुढे ऊन पडत राहिले तर त्याचे शरीराला निरुपयोगी पदार्थ बनतात. निसर्गाने तिथे खिळच घालून ठेवली आहे. म्हणजे पहिल्या तासाने फायद्याचे खाते भरते. त्यानंतरचा प्रत्येक तास नुसता खर्चाचा. आणि खर्चाला खीळ नाही.

खर्च कसा होतो ते पाहा. राबणारे शरीर आतून तापते. ते थंड ठेवायला घाम हे एकच मोठे साधन आहे. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण सुकला तर! आपल्या कोकणात हवाच ओली. घाम सुकत नाही, निथळतो. निथळलेला घाम पाणी घेऊन जातो, मीठ घेऊन जातो, पण उष्णता ठेवून जातो. म्हणून विदर्भातल्या चव्वेचाळीस अंशांच्या गोष्टी सांगून आपल्या अडतीस अंशांना हसू नका. हवामान खात्यानेही हा फरक मानला आहे. मैदानी मुलखात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, किनारपट्टीवर ३७ पासून. आणि आपला पारा काही अडतिसाला थांबत नाही. २८ मार्च २०१७ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली होती. त्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात वीर-महाडच्या बरोबर डोक्यावर सूर्य येतो. दुपारी स्वतःची सावलीसुद्धा पायाखाली लपते. नेमक्या त्याच दिवसांत आपण राब भाजतो. वरून ऊन, खालून आग.

कोणाला वाटत असेल की हे पुस्तकी भय आहे, त्याने १६ एप्रिल २०२३ हा दिवस आठवावा. खारघर, जिल्हा रायगड. रेवदंड्याचे आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सरकारी सोहळा. लाखो माणसे भक्तिभावाने आली, बरीचशी आदल्या रात्रीच येऊन बसली. व्यासपीठावर छत होते. मैदानावर नव्हते. पारा चाळिशीच्या आतच होता, तरी १४ माणसे उष्माघाताने गेली. ती कामही करत नव्हती, नुसती बसली होती. त्यांत आपल्यासारखीच उन्हातान्हाची सवय असलेली माणसे असतील. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने फर्मान काढले, दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत.

म्हणजे दुपारच्या उन्हाने माणूस मरतो हे सरकारला कळते. सभेला बसलेला माणूस मरतो हे कळते. मग त्याच वेळी वीटभट्टीवर, खडीच्या खाणीवर, रस्त्याच्या कामावर आणि आपल्या राबावर वाकलेला माणूस मरतो, हे कळायला त्याला कोणता पुरस्कार द्यावा लागेल?

सवय म्हणजे चिलखत नव्हे

सवयीने ऊन सोसते हेही शास्त्राने मानले आहे. रोज थोडे थोडे ऊन वाढवत काम केले तर एक-दोन आठवड्यांत शरीर लवकर घाम आणायला, मीठ राखायला शिकते. पण ही सवय काही आठवडे उन्हाबाहेर राहिले की उतरते. आता आपला चाकरमानी डोळ्यांपुढे आणा. अकरा महिने मुंबईत गाळ्यात काम करणारा माणूस मेमध्ये दहा दिवसांची रजा काढून येतो. म्हातारा बाप एकटा राबतोय म्हणून दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाड घेऊन डोंगरावर जातो. गावात वाढलो, मला काय होणार, हा भरवसा असतो. गेल्या वैशाखात मी असा एक माणूस पाहिला. दुपारी दोनला बांधावर बसला तो असंबद्ध बोलू लागला. अंग निखाऱ्यासारखे, आणि घरचे म्हणत होते की उतरवली असेल. सुदैवाने जवळ विहीर होती. ओल्या चादरी टाकून वारा घातला, गाडी येईतो तेच केले, म्हणून तो वाचला. न वाचता तर कागदावर "चक्कर येऊन मृत्यू" एवढेच लिहिले गेले असते.

बडबड, तोल जाणे, अंग भाजणे ही तीन लक्षणे दिसली की तो उष्माघात धरा. दारूचा आळ घेत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. शुद्धीवर असेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या.

आणि जो पडत नाही, त्याचे काय? त्याचा खर्च हप्त्याहप्त्याने वसूल होतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने डोळ्यांत मोतीबिंदू लवकर उतरतो. पांढऱ्या बुबुळावरून मांस काळ्या बुबुळाकडे सरकते. पाणी न पिता उन्हात राबण्याचे मोल मूत्रपिंडे देतात. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वा देशांत, ऊसतोड मजूर ऐन तारुण्यात मूत्रपिंडे निकामी होऊन मेले. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. शोध घेता घेता बोट ठेवले गेले ते तापलेल्या फडातल्या विसाव्याविना मेहनतीवर. तिथे उपाय म्हणून तीन शब्द पुढे आले : पाणी, विसावा, सावली. आपली ऊसतोड मंडळी आणि आपले भट्टीवरचे कातकरी भाऊ याच वाटेने चालले आहेत की काय, हे तपासायला इथे कोणाला सवड आहे?

घड्याळ कोणाच्या हातात?

उन्हाचा फायदा-तोटा हा डॉक्टरकीचा प्रश्न फक्त पहिल्या तासापुरता आहे. नंतर तो मजुरीचा आणि भावाचा प्रश्न होतो. दहा ते चार बाहेर पडू नका असा इशारा रेडिओवर येतो. ज्याच्या हातात घड्याळ आहे तो ऐकतो. जिची मजुरी आठ तास भरल्यावरच हातात पडते, तिने काय करायचे?

महाड-म्हसळ्याकडची कितीतरी पोरे आखातात कामाला आहेत. त्यांना विचारा. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घ्यायला बंदी. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन बंदी. तिथली राजवट काही मजुरांची नव्हे, तरी कायदा केला. त्याच घरचा दुसरा भाऊ इथे महामार्गाच्या कामावर भर दुपारी डांबराच्या वाफेत उभा असतो. चौपदरीकरणात जुनी झाडे गेली, त्यामुळे भाकर खायला टेकावे तर सावलीही नाही.

आपल्याकडे काहीच लिहिलेले नाही असेही नव्हे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामावर पिण्याचे पाणी, लेकरांसाठी आणि विसाव्यासाठी सावली, औषधपेटी हे सगळे लिहिले गेले. सावली ही मजुराच्या हक्काची आहे हे दिल्लीने तेव्हाच कबूल केले. किती कामांवर ती दिसली ते तुम्हीच सांगा. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्यावर माणसाने आपला हक्क सांगितला, तिथे कामावरचे पाणी मुकादमाची मेहेरबानी राहता कामा नये.

आपल्या बांधावरचे मुसळ

पण सरकारच्या आणि ठेकेदाराच्या डोळ्यातले कुसळ दाखवताना आपल्या बांधावरचे मुसळ झाकायचे नाही. वैशाखात शेजारच्या वाडीतल्या चार बाया आपण दिवसभर राबवतो तेव्हा आपणच मालक असतो. तीन तासांचा शेतकरी नेता येईपर्यंत माणसे उन्हात बसवून ठेवणारी सभाही आपलीच असते.

यावर शेतकऱ्याचे उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटे नाही. तास कमी केले आणि मजुरी तीच दिली, तर मी कुठून देऊ? २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरला. तो ठरतो देशभराच्या खर्चाच्या सरासरीवर. पंजाबातल्या सपाट रानात यंत्राने होणाऱ्या शेतीच्या सरासरीत पोलादपूरच्या उतारावरची हाताची शेती बुडून जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज दिला की २०३० पर्यंत भारतातले ५.८ टक्के कामाचे तास उष्णतेने वाया जातील. हा तोटा कोणाच्या खात्यावर? भावात तो धरला नाही, तर तो मजुराच्या अंगावर पडतो किंवा लहान शेतकऱ्याच्या. बऱ्याचदा दोघे एकच असतात. म्हणून उन्हाचा हिशेब हा रास्त भावाच्या लढ्याचा भाग आहे. त्याला डॉक्टरांचे खूळ समजू नका.

आणि छातीवर हात ठेवून सांगा, दुपारी बारा ते तीन या वेळात खरोखर काम किती उरकते? हात चालतात, काम चालत नाही. सकाळच्या दोन तासांत जेवढे कवळ तुटते तेवढे दुपारच्या तीन-चार तासांत तुटत नाही. तास मोजण्याची सवय सोडून काम मोजले तर शेतकऱ्याचा तोटा वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी निघेल.

बैठकीत एका बहिणीने उठून विचारले होते, "साडेसहाला शेतावर यायचे, तर पाणी कधी भरू आणि भाकऱ्या कधी थापू?" त्यावर आपण पुरुष गप्प बसलो. हा प्रश्न ठरावातच घेतला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पोलादपूरच्या वाड्यांवर पाण्यासाठी बायका तासन् तास घालवतात. वाडीत पाणी आल्याशिवाय त्यांची दुपार सुटायची नाही. सकाळची वेळ ठरवायची तर पाण्याची मागणी तिला जोडूनच आली पाहिजे. तोवर घरातल्या पुरुषांनी हंडा उचलला तर आभाळ कोसळणार नाही.

म्हणून येत्या बैठकीपुढे सुधारलेला ठराव असा ठेवत आहे :

१. होळी ते मृग शेतमजुरीची वेळ सकाळी साडेसहा ते साडेअकरा. मजुरी पूर्ण दिवसाची. कामावर सावली आणि पिण्याचे पाणी शेतकऱ्याचे. राब भाजायचा तो सकाळीच.

२. रजेवर आलेल्या चाकरमान्याने आणि नव्या मजुराने पहिला आठवडा थोड्या वेळाचेच काम करायचे. हे मुंबईच्या मंडळांनाही कळवायचे.

३. वीटभट्ट्या, खाणी आणि रस्त्याच्या कामांवर दुपारी बारा ते चार काम बंद ठेवण्याचा कायदा राज्याने करावा.

४. उन्हात काम करताना मेलेल्याची नोंद "उष्माघात" अशी व्हावी, आणि शेतकरी अपघाताच्या मदतीत सर्पदंश आणि वीज यांच्या ओळीत उष्माघाताचे नाव ठळक असावे.

५. हमीभावासाठी उत्पादन खर्च काढताना उन्हाने गेलेले तास, सावली आणि पाणी यांचा खर्च धरावा.

६. संघटनेची कोणतीही सभा उन्हाळ्यात सकाळी दहानंतर उघड्यावर चालणार नाही. पुढारी उशिरा आला तर सभा त्याच्याविना होईल.

शेवटचे कलम आजपासूनच लागू करू. येती बैठक वीरला सकाळी आठ वाजता, देवळाच्या मंडपात आहे. जाणत्या भाऊंनी अवश्य यावे आणि ठरावाला कडाडून विरोध करावा. त्यांच्यासाठी सावलीतली जागा राखून ठेवली आहे.